ही कारभार कधी करीन?

वरणगावातल्या त्या घरात टीव्ही बंद होता, मालिका मात्र चालू होती. ओट्यावर आजी बसल्या होत्या. समोर पितळी डब्याला टेकवून नातवाचा मोबाइल उभा केलेला आणि त्यात ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’. सोनी वाहिनीवरची ही हिंदी मालिका ४ जानेवारी २०२१ला सुरू झाली आणि २०२३मध्ये संपलीसुद्धा. तेव्हा आजींची ती अर्धवट राहिली होती, कारण त्याच वेळेला सून दुसऱ्या वाहिनीवर दुसरं काही बघायची. आता जेवणं आटोपली की रोज दोन भाग, असा त्यांनी नेम धरलाय. मी गेले त्या दिवशी दोनशेच्या पुढचा भाग लागला होता. पडद्यावरची अहिल्या अजून लहानच होती. वाड्यात कुणाची तरी कुरापत चालली होती, दाराआडून कुणी तरी कान देऊन ऐकत होतं, मागे सनई होती.

आजींनी मान वर केली. “अव, ही कारभार कधी करीन?”

संपादकांनी विषय दिला होता, ‘सत्तेवरची बाई आणि छोटा पडदा’. वेशभूषा, संशोधन, कलाकारांची निवड अशा प्रश्नांनी वही भरून मी भुसावळला उतरले होते. आजींच्या त्या एका प्रश्नानंतर वहीची पानं तशीच राहिली. पुढचे तीन दिवस मी तोच प्रश्न घेऊन हिंडले.

काळी-पिवळीतून

भुसावळ ते वरणगाव हा रस्ता काळी-पिवळीत बसून करावा. दीपनगरच्या औष्णिक केंद्राची धुराडी बराच वेळ सोबत राहतात. समोरून केळीचे ट्रक येतात. रावेर-यावलकडची केळी उत्तरेला जाते ती याच भागातून. महामार्गाला आता ५३ नंबर मिळालाय, पण जुनी माणसं अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. भादव्याचं ऊन होतं, कापूस गुडघ्याच्या वर आला होता, आणि गाडीत माझ्याखेरीज पाच बायका होत्या. दोघी बँकेतून आल्या होत्या, एक दवाखान्यातून, आणि दोघी बचत गटाच्या कामाला पंचायत समितीत जाऊन आल्या होत्या. घर सोडून बाहेरच्या कामाला निघालेल्या बायकांनी गाडी भरलेली होती.

वरणगावचं सगळं वळण आयुधनिर्माणीने बदललं. १९६२च्या चीन युद्धानंतर देशात दारूगोळ्याचे नवे कारखाने उभे राहिले, त्यांतला हा एक, १९६४चा. लहान शस्त्रांची काडतुसं इथे बनतात. गावात कुणी तिला पूर्ण नावाने हाक मारत नाही. ‘फॅक्टरीत आहे’ म्हटलं की मुलीच्या बापाला पुढचं विचारावं लागत नसे. फॅक्टरीच्या वसाहतीत देशभरची माणसं आली, शेजारी भुसावळचं रेल्वे जंक्शन होतंच, त्यामुळे हिंदी इथे परकी राहिली नाही. घरात लेवा गणबोली, बाजारात मराठी, वसाहतीत हिंदी. हिंदी मालिका आजींना कळते ती अशी.

टीव्हीवर काय चालतं आणि काय बंद पडतं, यात वरणगावसारख्या गावाचा हात किती, हे समजून घ्यायला थोडं यंत्राकडे जावं लागतं. बार्क ही मोजणी संस्था २०१५पासून आकडे देते. निवडक घरांत तिचा मीटर असतो. वाहिनी आपल्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळते, मीटर ती ओळखतो आणि त्या घरात कोण काय बघतंय याची नोंद होते. सगळ्या देशासाठी अशी घरं पन्नास हजारांच्या आसपास. दर आठवड्याला आकडे येतात आणि त्या आकड्यांवर पुढच्या आठवड्यांचं कथानक वळतं. ग्रामीण घरं या मोजणीत आली तीच मुळी २०१५च्या अखेरीस. त्याआधी खेड्यातली बाई काय बघते हे जाहिरातदाराच्या हिशेबात नव्हतं. आणि आजही आजी मोबाइलवर जे बघतात, त्यांचा तो नेम, त्यांचा तो प्रश्न, यातलं काही त्या मीटरला ऐकू येत नाही.

ही बाब लहान नाही. मालिकेतली राणी महिनोन् महिने अंगणात का खेळते, याचं उत्तर बरंचसं इथे सापडतं.

वाड्यात अडकलेली अहिल्या

रोजची मालिका कशी तयार होते ते पाहू. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून बावीसेक मिनिटांचा मजकूर लागतो. आठवड्याला पाच-सहा भाग. वाड्याचा एक मोठा संच उभारला की त्याचा खर्च तिथेच वसूल करायचा असतो, म्हणून दृश्यं त्याच दालनांत फिरतात. युद्ध दाखवायला माणसं, घोडे, मैदान लागतं. कुजबूज दाखवायला दोन नट आणि एक पडदा पुरतो. लेखक आज लिहितो, उद्या-परवा चित्रीकरण होतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ही मालिका कधी संपणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. चालली तर तीन वर्षं, नाही चालली तर तीन महिने. शेवट ठाऊक नसलेला माणूस सुरुवात लांबवतो. चरित्रपटाच्या लेखकाला नायिकेचं आयुष्य कुठे उंचावर जाणार ते पहिल्या पानाला माहीत असतं. मालिकेचा लेखक त्या उंचीपर्यंत पोचायची वाटच बघत बसतो.

‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’ मी मनापासून बघितली आहे, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. दशमी क्रिएशन्सची ही निर्मिती. छोटी अहिल्या साकारणाऱ्या अदिती जलतारेने देशभरच्या घरांत होळकरांचं नाव नेलं. राजेश शृंगारपुरेंचे मल्हारराव आणि स्नेहलता वसईकरांच्या गौतमाबाई यांच्यामुळे हिंदी वाहिनीवर मराठी घराचा रंग टिकला. सुनेला लिहायला-वाचायला शिकवणारा सासरा रोज रात्री दिसणं, हे आपल्या समाजात साधं नाही. पण पहिलं वर्षभर आणि त्यानंतरही मालिका बालपणातच राहिली. मग एतशा संझगिरीची मोठी अहिल्या आली, तेव्हाही पुढे खंडेरावांबरोबरचा संसार होता. खऱ्या अहिल्याबाईंचा जन्म १७२५चा, चौंडीचा. खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ला पडले, मल्हारराव १७६६ला गेले, मुलगा मालेराव १७६७ला गेला. त्यानंतर १७९५पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, त्यांनी राज्य केलं. ज्यासाठी आपण त्यांचं नाव घेतो ती ही अठ्ठावीस वर्षं आहेत. त्यांचा हिशेब मांडायचा तर आजींचा प्रश्न रास्त आहे.

हे एकाच मालिकेचं नाही. झी मराठीवर २०१२-१३मध्ये ‘उंच माझा झोका’ आली, रमाबाई रानड्यांवर. वीरेंद्र प्रधानांनी ती किती नजाकतीने केली! तेजश्री वालावलकरची छोटी रमा आणि नंतर स्पृहा जोशी, दोघी घराघरांत पोचल्या. त्या मालिकेने नवरा बायकोला शिकवतो हा प्रसंग पुन्हा पुन्हा, न कंटाळता दाखवला, आणि लोकांना तो हवाहवासा वाटला. तरी आज वरणगावात विचारलं तर लक्षात राहिली आहे ती पाटी-पेन्सिल आणि सासुरवासाचा छळ. पुण्याचं सेवासदन, परिचारिकांचं शिक्षण, बायकांच्या मताधिकारासाठी चाललेली धडपड, हे रमाबाईंचं उत्तरायुष्य कुणालाच पटकन सांगता आलं नाही. सोनी मराठीवरची ‘स्वराज्यजननी जिजामाता’ २०१९ला सुरू झाली, तीही लहानग्या जिजाऊपासून. आणि ‘सावित्रीजोती’चं काय झालं ते आठवलं की आजही जीव तुटतो. जानेवारी २०२०मध्ये सुरू झालेली, अश्विनी कासार आणि ओंकार गोवर्धन यांनी जीव ओतलेली ती मालिका त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्रेक्षकसंख्येअभावी बंद झाली. सावित्रीबाईंचं प्लेगमधलं शेवटचं काम, पाठीवर रोगी घेऊन जाणारी ती बाई, रोजच्या वेळेला आपल्या घरात यायला हवी होती.

मोठ्या पडद्यावरही चाल वेगळी नव्हती. गुलजारांच्या १९७५च्या ‘आंधी’त सुचित्रा सेन राजकारणी बाई झाल्या. केसांतली पांढरी बट पाहून लोकांनी इंदिरा गांधींशी नातं जोडलं आणि आणीबाणीत चित्रपट पडद्यावरून उतरवला गेला. पण चित्रपट नीट आठवून पाहा. आरतीदेवी निवडणूक लढवतात, आणि गोष्ट फिरते ती तुटलेल्या संसाराभोवती. त्यांचं धोरण काय होतं, कुठल्या प्रश्नावर त्या उभ्या होत्या, हे आठवत नाही.

यात दुष्टपणा कुणाचा नाही, असं माझं मत झालंय. बाईचं घर दाखवायची भाषा आपल्या पडद्याने शंभर वर्षांत घडवली आहे. उंबरठा, तुळस, डोळ्यांत पाणी, मंगळसूत्राचा जवळून फोटो. बाई निर्णय घेताना कशी दिसते, याची भाषा मात्र अजून घडायची आहे. कॅमेरा तिच्या हातातल्या कागदावर जायला शिकलेला नाही.

महेश्वरचा दिवस

अहिल्याबाई निर्णय घेताना कशा दिसत असतील हे कळायला मार्ग नाही, असं कुणी म्हणेल. तसं नाही. सर जॉन माल्कम हा ब्रिटिश अधिकारी १८१८च्या सुमारास माळव्यात होता. बाईंना जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती, त्यांना पाहिलेली, त्यांच्यासमोर उभी राहिलेली माणसं हयात होती. त्याने त्यांना विचारून लिहिलं, आणि १८२३मध्ये त्याचं मध्य हिंदुस्थानावरचं पुस्तक निघालं. त्यात बाईंचा दिवस दिलाय. पहाटे उजाडण्याआधी उठायचं. स्नान, पूजा, पोथी, दानधर्म, जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमाराला दरबारात बसायचं ते सहापर्यंत. संध्याकाळची पूजा, हलकं खाणं. मग नऊला पुन्हा काम, रात्री अकरापर्यंत. म्हणजे रोज सहा तास, आणि तेही पडद्याआड न बसता. फिर्यादी स्वतः येऊन गाऱ्हाणं सांगू शकत होता.

ओट्यावर मी हे वेळापत्रक वाचून दाखवलं. आजींच्या सुनेला त्यातलं ‘रात्री नऊ ते अकरा’ भिडलं. घरची भांडी आटोपली की त्या स्वतः गटाची वही घेऊन त्याच वेळेला बसतात.

माल्कमने काही निवाडेही दिलेत. सिरोंजच्या एका सावकाराची विधवा. तिने मुलगा दत्तक घ्यायचा तर आधी सरकारात मोठी रक्कम भर, असं तिथल्या अंमलदाराने अडवलेलं. बाई अहिल्याबाईंच्या राजधानीला, महेश्वरला गेली. अहिल्याबाईंनी अंमलदाराला काढलं, दत्तक मंजूर केलं, पोराला मांडीवर घेतलं, कपडे-दागिने दिले, आणि नजराण्याचा पैसा घेतला नाही. खरगोणच्या सावकार घराण्यातल्या निपुत्रिक विधवांनी आपली संपत्ती त्यांना देऊ केली, तेव्हा ती न घेता तुमच्या हाताने लोकोपयोगी कामाला लावा असं त्यांनी सुचवलं. खरगोण म्हणजे सातपुडा ओलांडला की आपल्या शेजारचंच. निपुत्रिकाचं धन सरकारजमा करायची तेव्हाची रीत लक्षात घेतली तर या दोन प्रसंगांत केवढं राज्यशास्त्र आहे! विधवेच्या पैशावर हात टाकायचा नाही, हे एका विधवेने गादीवर बसून ठरवलं. यातल्या एकेका निवाड्यावर आठवडाभर मालिका चालेल. अडवणारा अंमलदार आहे, पायपीट करणारी बाई आहे, दरबारात कोण काय बोलेल ही धास्ती आहे. वाड्यातल्या कुजबुजीपेक्षा यात कमी काय आहे?

साधनं मराठीतही आहेत. महेश्वरहून पुण्याला पेशव्यांकडे बातमीपत्रं जात, ती पारसनिसांनी छापून ठेवलीत. कोण आलं, बाई काय म्हणाल्या, तुकोजी होळकरांशी कशावरून बिनसलं, पैसा कुठे अडला. तुकोजी फौजेसह मोहिमेवर आणि खजिन्याची किल्ली बाईंच्या हाती, ही ओढाताण वर्षानुवर्षं चालली. ती बातमीपत्रं म्हणजे अठराव्या शतकात कुणी तरी आपल्यासाठी लिहून ठेवलेले रोजचे भागच आहेत.

खानदेशाने तर या गोष्टीवर हक्क सांगावा. मल्हाररावांचे वडील लहानपणीच गेले, आई त्यांना घेऊन भावाकडे आली, ती तळोद्याला, भोजराज बारगळांच्या गढीत. मेंढरं राखणारा भाचा तिथेच शिलेदार झाला आणि मामाचीच मुलगी गौतमाबाई त्याची बायको झाली. मालिकेत पाहिलेली सासू ही आपल्या तापीच्या खोऱ्यातली लेक होती, हे ऐकल्यावर आजी एकदम सावरून बसल्या. “तळोद्याची? मंग आपलीच की!”

बोदवडचा रस्ता

दुसऱ्या दिवशी वरणगावहून बोदवडकडे गेले, नाडगाव बघायला. प्रतिभाताई पाटलांचा जन्म इथला, १९ डिसेंबर १९३४चा. गावात गेल्यावर स्मारक शोधायची माझी हौस नव्हती. मला रस्ता बघायचा होता. एका बाजूला कपाशी, मध्येच मका, लांबवर रेल्वेची लाइन. या मातीतून निघालेली मुलगी राष्ट्रपती भवनात पोचली, आणि कुठल्याही वाहिनीने अजून तिच्यावर रोजची मालिका उभी केलेली नाही.

का नाही? राणी नव्हती म्हणून? सती गेली नाही, तलवार उपसली नाही, कुणी विष दिलं नाही म्हणून? प्रतिभाताईंचं आयुष्य म्हणजे वकिली, निवडणुका, खाती, समित्या, सभागृह. पडद्याला वाटतं यात दाखवण्यासारखं काय. मी परतीच्या एसटीत बसून वहीच्या मागच्या पानावर प्रसंग लिहीत गेले, आणि पान पुरलं नाही.

जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात टेबल टेनिस खेळणारी मुलगी. मग कायद्याचं शिक्षण, जळगावच्या कोर्टात वकिली. १९६२, वय सत्तावीस, जळगावातून आमदार. त्याच वर्षी चीनचं युद्ध, आणि ही मुलगी जिल्ह्यात महिलांचं होमगार्ड पथक उभं करते, स्वतः त्याची कमांडंट होते. डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या घरांतल्या बायका मैदानात कवायत करताहेत, हे दृश्य मला कुठल्याही लढाईच्या दृश्यापेक्षा मोठं वाटतं. त्यांच्या घरी परवानगी कुणी मागितली असेल? पहिल्या दिवशी किती जणी आल्या असतील? लेखकाला इथेच तर काम आहे.

१९६५ला लग्न, सासर अमरावती. १९६७ ते १९८५ एदलाबादचं प्रतिनिधित्व, सलग चार वेळा. आता त्या तालुक्याचं नाव मुक्ताईनगर आहे, तापीकाठी अंतर्धान पावलेल्या मुक्ताईवरून. पुढे बाईचं नाव लागलेल्या तालुक्याने बाईला वारंवार निवडून पाठवलं, हा योगायोग मला फार आवडतो. उपमंत्री, मग समाजकल्याणापासून शिक्षणापर्यंत मंत्रिपदाची खाती. १९७९-८०मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना विधानसभेत विरोधी पक्षनेत्या. समोर तरबेज मुख्यमंत्री, मागे फाटाफूट झालेला पक्ष, आणि मधल्या बाकावर ही बाई. पुढे राज्यसभेच्या उपसभापती, प्रदेशाध्यक्ष, अमरावतीच्या खासदार, २००४ला राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल. २५ जुलै २००७ला राष्ट्रपती. त्या निवडणुकीत भैरोसिंह शेखावत समोर होते, आणि मराठी उमेदवार म्हणून शिवसेनेने आपल्या आघाडीची रेघ ओलांडून मत दिलं. तेव्हा ‘राष्ट्रपती’ हा शब्द बाईला कसा लावायचा यावर वर्तमानपत्रांत रकाने भरले. शब्द तोच राहिला, बाई त्यात बसली.

आणि २५ नोव्हेंबर २००९, पुण्याचा लोहगाव विमानतळ. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई हवाई दलाचा पोशाख चढवून सुखोई विमानात शिरते. हा शेवटचा भाग करावा की पहिला, एवढाच प्रश्न पटकथाकाराला पडेल.

मालिका केली तर आरती ओवाळणारी करू नये, हेही मला सांगितलं पाहिजे. प्रतिभाताईंनी महिलांसाठी काढलेल्या सहकारी बँकेचा परवाना २००३मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला, ठेवीदार बायकांना त्रास झाला, हे गाळून चालणार नाही. फाशीच्या दयाअर्जांवर त्यांनी दिलेल्या माफ्यांवर टीका झाली, तीही यायला हवी. रात्री एका टेबलावर एका माणसाचा जीव फाइलमध्ये पडलाय आणि सही करायची आहे किंवा नाही, यापेक्षा मोठं नाट्य ते कोणतं? बाईला चुकण्याचा अधिकार देणारी मालिका मला बघायची आहे. देव्हाऱ्यात बसवलेल्या बाईकडून कुणी राज्य करायला शिकत नाही.

हयात किंवा नुकत्याच गेलेल्या नेत्यांवर काही करायचं तर कुटुंबाची संमती, कोर्टकचेरी हे भय असतं, हे खरं. जयललितांच्या आयुष्यावरचा चित्रपट आणि ‘क्वीन’ ही वेबमालिका यांच्याविरुद्ध त्यांची भाची मद्रास उच्च न्यायालयात गेली होती. ती कामं तरी पडद्यावर आली. अडचण कायद्याची आहे त्याहून जास्त धाडसाची आहे.

दोन रात्रींची गोल्डा

असं कुठे झालंय का, हे शोधताना एका जुन्या कामापर्यंत पोचले. १९८२चं ‘अ वुमन कॉल्ड गोल्डा’, अमेरिकी दूरचित्रवाणीवरचं, इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांच्यावरचं. भूमिका इन्ग्रिड बर्गमनची. तिला कर्करोगाने ग्रासलं होतं, तशात तिने ते पूर्ण केलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती गेली. मरणोत्तर एमी मिळाला, तो तिच्या मुलीने स्वीकारला. कथेची मांडणी साधी. म्हातारी गोल्डा आपल्या जुन्या शाळेत येते आणि मुलांना आयुष्य सांगते. संसार येतो, नवऱ्याला दिलेलं दुःख येतं, मुलांना वेळ न दिल्याची टोचणी येते. पण ते सगळं सत्तेच्या वाटेवर येतं. सत्तरीची बाई १९६९ला पंतप्रधान होते, १९७३च्या युद्धाचा अंदाज चुकतो, त्या चुकीचं ओझं तिच्या चेहऱ्यावर दिसतं. तिच्या राजकारणाबद्दल, पॅलेस्टिनी लोकांच्या वाट्याला जे आलं त्याबद्दल, माझं मन आजच्या काळात स्वस्थ राहू शकत नाही, आणि ते काम त्या बाजूने पुरेसं बोलतही नाही. तरी काम करणारी बाई कशी दाखवायची याचा तो धडा आहे. दोन भागांत संपणारं होतं म्हणून तसं जमलं. शेवट ठरलेला होता.

आपल्याकडे हे अशक्य नाही. वीस-पंचवीस भागांची, शेवट ठरवून लिहिलेली मालिका आता मोबाइलच्या पडद्यावर सर्रास येते. दूरदर्शनवर तर ती रीत होतीच, भाग मोजून लिहिले जात. म्हणजे आजींचा ओटा आणि पितळी डबा तयार आहे.

बघणारेही तयार आहेत. २०२४पासून जळगाव जिल्ह्याचे दोन्ही खासदार बाया आहेत, जळगावातून स्मिता वाघ आणि वरणगाव ज्यात येतं त्या रावेरमधून रक्षा खडसे. खडसेंची वाट कोथळीच्या सरपंचपदापासून जिल्हा परिषदेतून केंद्रीय राज्यमंत्रिपदापर्यंत गेली. महाराष्ट्रात २०११पासून स्थानिक संस्थांत बायकांना निम्म्या जागा आहेत. कारभार करणारी बाई या भागात रोज नजरेला पडते. पडद्यावरच तेवढी ती दिसत नाही.

प्रोसिडिंगची वही

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच ओट्यावर आणखी एक काकू आल्या होत्या. शेजारच्या खेड्यात पाच वर्षं सरपंच राहिलेल्या. जेवायला कळण्याची भाकरी आणि शेवभाजी होती, वर मिरचीचा ठेचा. मोबाइल डब्याला टेकलेलाच होता. अहिल्येचे कुणी तरी कान भरत होतं.

मी काकूंना विचारलं, पहिल्या दिवशी काय केलंत? त्या आधी हसल्या. पहिल्या दिवशी सत्कार झाला, नारळ-टोपी नवऱ्याच्या हातात गेली, शाल तेवढी त्यांच्या अंगावर आली. पहिल्या मासिक सभेला त्या उशिरा पोचल्या, तर त्यांच्या खुर्चीवर दीर बसले होते आणि कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं. दीरांनाही नाही. त्या उभ्या राहिल्या. किती वेळ ते त्यांना आठवत नाही. शिपायाने दुसरी खुर्ची आणली, ती बाजूला लावली, तरी त्या उभ्याच. शेवटी ग्रामसेवकाने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, सरपंच बसल्याशिवाय प्रोसिडिंग लिहिता येत नाही.

“मंग?” आजी.

मग दीर उठले. काकू बसल्या. विषय होता पाण्याचा. टाकी बांधायची ती वरच्या आळीत की वस्तीकडे. वरच्या आळीत म्हणजे आपल्या भावकीत. इतकी वर्षं वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन वर चढत होत्या आणि काकू त्यांना आपल्या ओट्यावरून बघत होत्या. सदस्यांमध्ये चार जण घरचेच होते. दुपारपासून घरून निरोप येत होते. सासूबाईंनी जेवण केलं नव्हतं.

आजींनी मोबाइल हातात घेतला, आवाज बंद केला आणि तो उलटा करून डब्याच्या झाकणावर ठेवला.

“तू सांग,” त्या म्हणाल्या. “ठराव झाला का नाही?”

काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला. “सांगते,” त्या म्हणाल्या. “पण आधी बँकेत काय झालं ते ऐका. चेकावर ग्रामसेवकाच्या जोडीला माझी सही लागायची ना, तिथून सुरुवात आहे.”